कापूस हिवाळ्यात, पाणी पावसाळ्यात

प्रवासी जहाज बुडाले की ते पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी राहते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली; रायगड जिल्ह्यात आजही ‘रामदास’ म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. मालवाहू जहाजाच्या वाट्याला एवढे येत नाही. १७ जून २०२१ रोजी त्याच रायगडात, रेवदंड्याजवळ, ‘मंगलम’ नावाच्या मालवाहू जहाजात पाणी शिरले. तटरक्षक दलाने नौका आणि हेलिकॉप्टर लावून त्यावरच्या सोळाही जणांना वाचवले. माणसे वाचली, बातमी संपली. मालवाहू जहाज कोणत्या पाण्यातून, कोणत्या महिन्यात आणि कुणाच्या भरवशावर चालते, हे प्रश्न विमा कंपनी आणि चौकशी अधिकारी यांच्यापुरते उरतात. ते सगळ्यांचे व्हायला हवेत, आणि वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावचेसुद्धा. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे हे खरे. पण ज्या पैनगंगेला आपण पावसाळ्यात पुराची आणि उन्हाळ्यात वाळूची नदी म्हणून ओळखतो, तिचे नाव आता देशाच्या जलमार्गांच्या यादीत आहे.

राष्ट्रीय जलमार्ग कायदा २०१६ साली झाला. त्याआधी देशात पाच राष्ट्रीय जलमार्ग होते. या एका कायद्याने १०६ नवे घोषित झाले आणि एकूण आकडा १११ वर गेला. त्यातला ७८ क्रमांकाचा जलमार्ग म्हणजे पैनगंगा-वर्धा नदीप्रणाली, लांबी २६५ किलोमीटर. ही लांबी दोन्ही नद्यांच्या खालच्या अंगाची आहे. बुलडाण्यात उगम पावून वाशीम आणि हिंगोलीच्या सीमेवरून वाहणारे वरचे पात्र त्यात बसत नाही. तरीही हा विषय आपला आहे, कारण खाली चंद्रपूरकडे जहाज तरंगवायचे तर पाणी वरूनच सोडावे लागणार. माझे म्हणणे एवढेच आहे: नदीतले जहाज धडकेने किंवा वादळाने बुडते ते अगदी शेवटी, त्याच्या आधी त्याचा मार्ग बुडालेला असतो. आणि जो मार्ग बारा महिने राखण्याची ऐपतही नाही आणि इरादाही नाही, तो यादीतून काढून टाकणे हेच शहाणपणाचे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा शेजारच्या बांगलादेशात आहे. ९ डिसेंबर २०१४ च्या पहाटे सुंदरबनातल्या शेला नदीत ‘सदर्न स्टार ७’ हे फर्नेस ऑइल नेणारे जहाज धुक्यामुळे नांगर टाकून थांबले होते. ‘टोटल’ नावाचे दुसरे मालवाहू जहाज येऊन त्याच्यावर आदळले आणि ‘सदर्न स्टार’ बुडाले. त्यात साडेतीन लाख लिटरच्या आसपास तेल होते. शेला ही डॉल्फिनसाठी राखलेल्या अभयारण्यातली नदी. भरती-ओहोटीने तेल मैलोन्‌मैल खाड्यांमध्ये पसरले. ते उपसायला सरकारी यंत्रणेकडे साधने नव्हती. गावातली माणसे, बाया आणि पोरे पातेली, स्पंज आणि जाळी घेऊन नदीत उतरली आणि अंगभर काळे होऊन तेल गोळा करू लागली, कारण तेल कंपनीने ते लिटरमागे तीस टाका देऊन विकत घ्यायचे ठरवले होते. धुके होते, धडक बसली, एवढ्यावर ही कहाणी थांबवता येते. पण मुळात तेलाचे जहाज अभयारण्यात होते कशाला? मोंगला-घाशियाखाली हा त्या भागातला नेहमीचा जलमार्ग गाळाने भरून बंद झाला होता. त्याला पाणी देणारे उपकालवे कोळंबीच्या शेतीसाठी जागोजागी अडवले गेले होते. प्रवाह मंदावला, गाळ बसला आणि मार्ग मेला. २०११ पासून जहाजे शेलेतून जाऊ लागली. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेली वाट तीन वर्षे चालली आणि मग एका पहाटे तिची किंमत कळली. पुढच्याच वर्षी जुना मार्ग उपसून पुन्हा खुला करण्यात आला. म्हणजे ते काम अशक्य नव्हते. ते करायला एक जहाज बुडावे लागले.

उलट, जिथे नदीतली मालवाहतूक खरोखर चालली, तिथे काय होते ते पाहा. गोव्यात मांडवी आणि जुवारी या नद्यांमधून लोहखनिजाच्या बार्ज अनेक दशके चालल्या. सावर्डे, आमोणे अशा नदीकाठच्या धक्क्यांवर खाणीचे खनिज बार्जमध्ये ओतायचे, मुरगाव बंदरात नेऊन मोठ्या जहाजात चढवायचे आणि रिकामी बार्ज घेऊन परत यायचे. परतीचा माल नाही, तरीही हा धंदा परवडला. खाण नदीजवळ, माल वजनदार आणि ओला झाला तरी न नासणारा, आणि मुख्य म्हणजे नदीत दिवसातून दोनदा भरती. पाऊस पडो न पडो, समुद्र नदीला पाणी देत राहतो. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळचा वाळूचा दांडा धोकादायक होतो, म्हणून बार्ज सतरा किलोमीटरच्या कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरत आणि तिथून बंदर गाठत. पर्यायी वाट निसर्गानेच दिलेली होती आणि ती वापरात राहिल्यामुळे टिकली. आपल्याकडे रायगडात अंबा नदीच्या मुखाशी धरमतरच्या खाडीत कोळसा आणि खनिज घेऊन बार्ज ये-जा करतात, त्याही भरतीच्या भरवशावर. यादीत अंबा, कुंडलिका, शास्त्री या नद्या आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथे पाणी आहे आणि मालही आहे. तरी तिथेसुद्धा पावसाळा क्षमा करत नाही. जुलै २०२४ मध्ये अलिबागच्या किनाऱ्याजवळ एक बार्ज भरकटून अडकली आणि तिच्यावरच्या चौदा जणांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. आणि मालाचे म्हणाल तर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्यावर बार्ज नदीत उभ्या राहिल्या, गंजल्या आणि कित्येक भंगारात गेल्या. नदीतले जहाज पाण्यावाचून जसे संपते तसे मालावाचूनही संपते, इतकेच की दुसऱ्या प्रकारात त्याला कुणी बुडाले म्हणत नाही.

आता आपल्या नदीकडे येऊ. पैनगंगा-वर्धेतून माल समुद्राकडे न्यायचा विचार २०१६ साली पहिल्यांदा सुचलेला नाही. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. वाशीम त्यातच होते. वऱ्हाडचा कापूस तोवर बैलांच्या पाठीवरून, तांड्यांबरोबर, कुठे मिर्झापूरला तर कुठे मुंबईला जाई. वाटेत भिजे, मळे आणि महिनोन्‌महिने अडकून पडे. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधून नाव कमावलेले आर्थर कॉटन यांनी मांडले की हा कापूस नदीने न्यावा: वर्धेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात. कल्पना भव्य होती आणि नकाशावर अगदी सरळ दिसत होती. अडचण होती ती वाटेतल्या तीन खडकाळ टप्प्यांची. एक दुम्मगुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेत देवलमरीला. तिथे नदी खडकांवरून उतरते, होडी उलट चढत नाही. त्यासाठी बंधारे, बाजूने कालवे आणि लॉक बांधायचे ठरले. लॉक म्हणजे दोन दारांची दगडी हौदासारखी खोली: होडी आत घ्यायची, खालचे दार लावायचे, वरून पाणी सोडून हौद भरायचा, पाण्याबरोबर होडी वर उचलली गेली की वरचे दार उघडायचे. होडी एकदा वर चढवायची तर हौदभर पाणी खर्ची पडते, आणि ते वरच्या नदीत असावे लागते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ पासून मँचेस्टरला कापूस मिळेनासा झाला आणि या योजनेला जोर चढला. कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली कामे सुरू झाली. सिरोंचा हे तेव्हा ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. गडचिरोलीच्या टोकावरचे हे गाव उद्या मोठे व्यापारी केंद्र होईल, असे तेव्हाच्या अधिकाऱ्यांना खरोखर वाटत होते. जंगलातला हिवताप, मजुरांची टंचाई, दरवर्षी पुराने होणारी नासधूस यांना तोंड देत दुम्मगुडेमचे काम बरेच पुढे गेले, बाकीची मागे राहिली. दरम्यान १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या फाट्याची रेल्वे सुरू झाली आणि वऱ्हाडच्या कापसाच्या गाठी बाजारातून थेट डब्यात चढू लागल्या. पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, त्याच मेयोंच्या सरकारने लाखो रुपये खर्चून झालेली गोदावरीची योजना गुंडाळली. कॉटनसाहेबांचा हट्ट गेला नाही. १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढेही ते रेल्वेपेक्षा कालवेच बरे, असे सांगत होते. त्यांना मूर्ख ठरवायचे कारण नाही. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात ते बरोबर होते: तिथे जमीन सपाट, बंधाऱ्याचे पाणी हाताशी, कालव्यातून होड्याही चालल्या आणि भातही पिकला. चूक झाली ती तिथला हिशेब दख्खनच्या पठारावर लावण्यात.

रेल्वे आली म्हणून जलमार्ग गेला, असे या कथेचे सार काढले जाते. ते अर्धेच खरे आहे. रेल्वे आली नसती तरी ही वाट चालली नसती, कारण इथे मालाचे पंचांग आणि पाण्याचे पंचांग जुळत नाही. मृगात पेरलेल्या कापसाची वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि फरदड धरली तर फेब्रुवारीपर्यंत चालते. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघते, तूर जानेवारीत. म्हणजे आसेगावहून मंगरुळपीर, कारंजा किंवा वाशीमच्या बाजार समितीकडे माल निघतो तो ऑक्टोबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, आणि नेमक्या याच महिन्यांत नदीची धार बारीक होत जाते. जहाज चालेल एवढे पाणी तिला असते ते जुलै ते सप्टेंबर, जेव्हा शेतकऱ्याच्या घरात विकायला काही नसते आणि नदीत जहाज घालणे म्हणजे पुरात घालणे असते. कोकणात पावसाळा हा टाळायचा काळ आहे, बाकीचे आठ महिने भरती आहेच. इथे टाळायचा काळ तोच चालण्याचा काळ. जहाजाची अख्खी कारकीर्द वर्षातल्या सर्वांत धोक्याच्या तीन महिन्यांत मांडायची आणि उरलेले नऊ महिने ते वाळूत टेकवून ठेवायचे, हा धंदा कोणता बँक मॅनेजर मान्य करील?

यावर जे आक्षेप येतात त्यातला पहिला वजनदार आहे. पाण्यावरची वाहतूक सर्वांत स्वस्त आणि स्वच्छ. सरकारी कागदपत्रांत नेहमी दिला जाणारा हिशेब असा: एका अश्वशक्तीत रस्त्यावरून दीडशे किलो, रेल्वेने पाचशे किलो आणि पाण्यावरून चार हजार किलो माल हलतो. हे भौतिकशास्त्र आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण हा हिशेब खोल, शांत पाण्यातल्या भरलेल्या जहाजाचा आहे. ते खोल पाणी तयार ठेवायला जो गाळ दरवर्षी काढावा लागतो, जे पाणी वरून सोडावे लागते, धक्क्यापर्यंत आणि धक्क्यापासून पुढे ट्रकने जी दुहेरी हमाली करावी लागते, ती त्या अश्वशक्तीत धरलेली नाही. गंगेसारख्या बारमाही नदीवरसुद्धा काय घडते ते पाहण्यासारखे आहे. जलमार्ग क्रमांक १, हल्दिया ते अलाहाबाद, १६२० किलोमीटर, १९८६ पासून घोषित. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी ‘रवींद्रनाथ टागोर’ हे जहाज कोलकात्याहून सोळा कंटेनर घेऊन निघाले आणि १२ नोव्हेंबरला वाराणसीला पोचले. त्याच दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. घोषणेपासून बत्तीस वर्षांनी, सोळा ट्रकांचा माल, दोन आठवड्यांच्या प्रवासाने. सुरुवात म्हणून त्याला नावे ठेवणार नाही. पण गंगेला एवढा काळ लागत असेल, तर पैनगंगेने किती थांबावे?

दुसरा आक्षेप असा की घोषणेने बिघडते काय, यादीत नाव असू द्यावे, उद्या तंत्रज्ञान बदलेल. बिघडते. नाव यादीत असले की अभ्यास, सर्वेक्षणे, सल्लागार यांच्यावर खर्च होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे राखण्याची जबाबदारी एवढ्या नद्यांवर विभागली जाते की जिथे जहाजे खरोखर चालतात तिथे लक्ष कमी पडते. हुगळीत कोळशाच्या राखेने भरलेली, बांगलादेशकडे जाणारी जहाजे गेल्या काही वर्षांत एकामागून एक बुडाली. चंद्रपूरच्या जलमार्गाचे समर्थक जो माल नद्यांतून नेण्याची स्वप्ने पाहतात, त्यात कोळसा आणि सिमेंटबरोबर हीच राख आहे. तिथल्या २९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राला राखेचा तोटा नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ आला, नोंदणी आणि तपासणी देशभर एकसारखी झाली, हे चांगलेच झाले. पण तपासणीचा दाखला जहाजाला मिळतो, नदीला नाही. राखेने भरलेली बार्ज उद्या वर्धेच्या उथळ पात्रात उलटली, तर खालच्या गावांच्या पिण्याच्या पाण्याचे काय, याचे उत्तर त्या दाखल्यात सापडणार नाही.

तिसरा आक्षेप बॅरेजचा. नदीत पाणी नाही म्हणता, मग वाशीम-हिंगोलीच्या पट्ट्यात पैनगंगेवर बॅरेज झालेच आहेत, खाली चनाखा-कोरटा आहे, पाणी अडते आहे, खोली मिळेल. हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण बॅरेज सिंचनासाठी बांधले आहेत. पावसाळा संपताना दारे टाकायची, पाणी साठवायचे आणि हरभरा-गव्हाला द्यायचे, हे त्यांचे काम. जहाजाला पाणी लागते ते न वापरलेले, पात्रात उभे. एकच पाणी शेतात आणि नदीत दोन्हीकडे ठेवता येत नाही. शिवाय लॉक नसलेला प्रत्येक बॅरेज जहाजासाठी भिंतच. गंगेवर फरक्क्याला म्हणूनच जहाजांसाठी वेगळे लॉक बांधावे लागले. प्राणहिता-गोदावरी संगमाच्या खाली तेलंगणाने बांधलेल्या ८५ दारांच्या मेडीगड्डा बॅरेजचे खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांची योजना जिथे अडली तोच हा टापू. नदी तिथे आजही तितकीच अवघड आहे. आणि पाण्याच्या वाटपात नौकानयनाची जागा कोणती, हे देशाने स्वतःच लिहून ठेवले आहे. १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीत पिणे, सिंचन आणि जलविद्युत यांच्यानंतर नौकानयन चौथे होते. २००२ च्या नीतीत ते पर्यावरण आणि उद्योगांच्याही मागे, शेवटच्या ओळीत गेले. एका कागदावर जहाजाला सर्वांत शेवटी पाणी देऊ म्हणायचे आणि दुसऱ्या कागदावर १११ जलमार्ग घोषित करायचे, यातला एक कागद खोटा आहे.

आसेगावच्या मालाला स्वस्त वाहतूक नको असे कोण म्हणेल? समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, त्यावरून ट्रक मुंबईला लवकर पोचतो, पण डिझेल आणि टोल शेतकऱ्याच्या भावातूनच वजा होतात. स्वस्त पर्याय हवाच, आणि तो इथे आधीच एकदा होता. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ एका ब्रिटिश कंपनीने कापसासाठीच उभी केली होती. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली, नंतर डिझेलवर, आणि आता काही वर्षांपासून बंद आहे. रुळांवर झुडपे वाढली आहेत. ब्रॉडगेजची मागणी जुनी आहे, निवेदने ढिगाने दिली गेली आहेत. जलमार्ग क्रमांक ७८ वगळायला संसदेत कायद्याच्या परिशिष्टातली एक ओळ बदलली तरी पुरे. शकुंतलेला रूळ लागतील, आणि त्यासाठी अर्थसंकल्पात रक्कम मांडावी लागेल. वऱ्हाडच्या खासदारांनी या दोन कामांपैकी निदान पहिले येत्या अधिवेशनात करून दाखवावे. त्याला पैसाही पडत नाही.